एका पोत्यातलं बी किती आयांचं?

इंदूरमध्ये पावसाची पहिली सर पडून गेली की रोपांनी भरलेल्या गाड्या दिसायला लागतात. काळ्या पिशव्या, वर चार-सहा पानं, मागे फावडी घेऊन बसलेली माणसं. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांहून अधिक रोपं लावली गेली आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रोपं किती लावली आणि त्यांतली किती जगली, हे दोन प्रश्न आपण आता विचारायला शिकलो आहोत. तिसरा प्रश्न मात्र अजून फार कमी ठिकाणी ऐकू येतो: एखाद्या जातीची ही रोपं किती आई-झाडांच्या बियांपासून झाली?

सागाची दहा हजार रोपं रस्त्याकडेच्या दोन झाडांच्या बियांची असू शकतात, आणि जंगलातल्या साठ झाडांच्या बियांचीही. पिशवीत दोन्ही सारखीच दिसतात. पहिली काही वर्षं वाढतीलही सारखीच. फरक कळतो तो कीड पडते तेव्हा, पाऊस लागोपाठ दोन वर्षं दगा देतो तेव्हा, किंवा त्या झाडांवर स्वतः बी धरायची वेळ येते तेव्हा. आणि तेव्हा दुरुस्तीला हातात काही उरलेलं नसतं.

साग म्हणजे एकच साग नव्हे

साग नैसर्गिकरीत्या फक्त चार देशांत उगवतो: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. जावा बेटावर तो शेकडो वर्षांपूर्वी नेलेला आहे, आणि आज साठहून अधिक देशांत त्याची लागवड होते. या सगळ्या लागवडीचं मूळ त्या चार देशांतल्या रानांत आहे. केरळातल्या निलंबूरकडच्या सागाला भरपूर पाऊस मिळतो. माळवा-निमाडातल्या सागाला त्याच्या निम्म्याहून कमी, तोही चार महिन्यांत, आणि मग कडक उन्हाळा. हजारो वर्षं दोघांनी वेगवेगळी परीक्षा दिली. नाव एकच, पण जे वारस टिकले ते वेगळे. डीएनएच्या अभ्यासांतून असं दिसलं आहे की भारतातल्या सागात विविधता सर्वांत जास्त आहे आणि पूर्वेला लाओसकडे जाताना ती कमी होत जाते. म्हणजे जगाच्या सागाची मुख्य तिजोरी आपल्याकडे आहे, आणि ती सांभाळण्याची जबाबदारीही.

हा फरक नुसता प्रयोगशाळेत दिसतो असं नाही. सागाचा फुलोरा फांदीच्या टोकाला येतो. मुख्य शेंड्याला पहिला फुलोरा आला की तो शेंडा तिथेच संपतो, बाजूच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघतात आणि खोडाला बेचकं पडतं. म्हणून जे झाड उशिरा फुलतं त्याचं सरळ, बिनफांदीचं खोड लांब मिळतं, आणि लाकडाचा भाव त्याच लांबीवर ठरतो. उशिरा फुलण्याचा हा गुण बराचसा वंशातून येतो.

आता बी गोळा करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लवकर फुलणारं, बुटकं, बेचक्यांचं, रस्त्याकडेचं झाड बियांनी लगडलेलं असतं. त्याच्याखाली झाडू मारला की पोतं भरतं. उंच, सरळ, उशिरा फुलणारं झाड रानात आत असतं आणि बी कमी देतं. कोणी वाईट हेतू धरला नाही तरी पोत्यात त्या बुटक्या झाडाचंच बी जास्त जातं. पुढच्या लागवडीचं बी त्याच्याच लेकरांकडून येतं. दोन-तीन पिढ्यांत आपण आपल्याच हातांनी उलटी निवड केलेली असते.

पाच आया की पन्नास?

इथे थोडं गणित लागतं, पण ते सोपं आहे. प्रत्येक जनुकाची वेगवेगळी रूपं असतात. समजा, एखाद्या बुरशीला तोंड देणारं एक रूप रानात शंभरात पाच इतकंच आहे. प्रत्येक झाडात जनुकाच्या दोन प्रती असतात. पाच झाडं निवडली म्हणजे दहा प्रती हातात आल्या. त्या दहांतली एकही त्या दुर्मीळ रूपाची नसण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के. पाच झाडांचं बी घेऊन आलात तर ते रूप रानातच राहून जाण्याचा संभव निम्म्याहून जास्त.

तीस झाडं घेतली तर साठ प्रती होतात, आणि हुकण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. पन्नास झाडं घेतली तर ती एक टक्काही उरत नाही. बी गोळा करताना किमान तीस, जमल्यास पन्नास झाडं घ्या असं जे सांगितलं जातं, ते या हिशेबावरून. (आजूबाजूच्या झाडांचा पराग बियांत आलेला असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र थोडं बरं असतं. पण त्या परागाच्या भरवशावर आयांची संख्या कमी करू नये.)

याच हिशेबाची दुसरी बाजूही बघायला हवी. शंभरात एक इतकं विरळ रूप तीस झाडांतूनही हुकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. ते एकाच रानात शोधत बसून सापडणार नाही. मात्र जे रूप इथे शंभरात एक आहे, ते दुसऱ्या एखाद्या, जास्त कोरड्या किंवा जास्त ओल्या रानात शंभरात वीस असू शकतं. प्रादेशिक सहकार्याची गरज इथून सुरू होते.

पुढच्या पिढीचं नुकसानही मोजता येतं. आई-बाप झाडांची संख्या दुप्पट करायची आणि एकाला त्या आकड्याने भागायचं. पाच झाडांपासून नवी पिढी काढली तर एका पिढीत विविधतेचा सुमारे दहावा भाग जातो. पन्नास झाडांपासून काढली तर शंभरावा.

झाडाखाली काय करायचं

सागाची फळं हिवाळ्यात पिकतात आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत गळत राहतात. सर्वांत आधी गळलेल्या फळांत किडकी आणि पोकळ जास्त असतात. म्हणून निवडलेल्या झाडाखालची जागा आधी झाडून घ्यावी आणि त्यानंतर पडलेली फळंच उचलावीत. एकटं उभं असलेलं झाड घेऊ नये. सागात स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही. त्याचं फूल एका दिवसाचं, पराग वाहायला कीटक लागतात, आणि शेजारी दुसरा साग नसेल तर फळं दिसायला भरपूर पण आत रिकामी, असं होतं.

दोन निवडलेल्या झाडांत साधारण १०० मीटर अंतर ठेवावं. जवळजवळची झाडं बहुतेकदा एकाच आईची असतात. पन्नास बहिणींचं बी गोळा केलं तर कागदावर पन्नास, प्रत्यक्षात एक घर.

प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी करायची आणि प्रत्येकीत मोजून सारखं बी घ्यायचं. एका झाडाचं दहा किलो आणि बाकीच्यांचं अर्धा-अर्धा किलो असं मिश्रण केलं की बाकीची झाडं नावापुरती उरतात. दोन चिठ्ठ्या लिहायच्या, एक पिशवीच्या आत, एक बाहेर, आणि त्या शिसपेन्सिलीने लिहायच्या. ओलसर फळांच्या सहवासात पेनाची शाई पसरते, आणि जूनमध्ये पिशवी उघडली की निळा डाग हाती येतो. चिठ्ठीवर जात, ठिकाण, अक्षांश-रेखांश (मोबाइलवर मिळतात), समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा क्रमांक, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव.

मग प्रत्येक पिशवीतली वीस-पंचवीस फळं फोडून बघायची. सागाचं फळ हाताळलंत तर बाहेरून तपकिरी, लोकरीसारखं मऊ लागतं. ती लव चोळून काढली की आत सुपारीसारखी टणक गोटी, आणि गोटीत चार कप्पे. चारही भरलेले क्वचितच मिळतात. एखाद-दुसऱ्या कप्प्यात पांढरं, तेलकट बी असलं तर फळ चांगलं. चारही कप्पे कोरडे आणि काळपट असतील तर ते फळ पेरून उपयोग नाही. बहुतेक फळं अशीच निघाली तर त्या झाडाचं बी बाजूला ठेवावं आणि दुसरं झाड निवडावं.

टणकपणामुळे साग उगवायला वेळ लावतो. फळं रात्रभर पाण्यात आणि दिवसभर उन्हात, असं एक ते दोन आठवडे करायचं. एप्रिल-मेमध्ये गादीवाफ्यावर पेरायचं. वाफा साधारण १२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. इथेच एक चूक सर्रास होते. सगळ्या आयांचं बी आधीच मिसळून पेरतात. जे बी लवकर उगवतं त्याची रोपं मोठी होतात, बाकीची त्यांच्या सावलीत खुरटतात, आणि उचलताना मोठी तेवढी उचलली जातात. पन्नास आयांच्या वाफ्यातून शेवटी दहा-बारा आयांचीच रोपं शेतावर पोचतात. उपाय असा की प्रत्येक आईची ओळ वेगळी ठेवायची, आणि मिसळायचं ते रोपं उचलताना, प्रत्येक ओळीतून सारखी मोजून.

सागाचं बी निदान थांबतं तरी. सगळ्याच जाती तशा नाहीत. कडुनिंबाचं बी काही आठवड्यांत निकामी व्हायला लागतं, मोहाचंही तसंच. पूर्व मध्य प्रदेशातल्या सालाच्या (मराठीत ज्याला आपण राळेचा वृक्ष म्हणतो) बियांना तर जेमतेम आठवडाभराचं आयुष्य. मोह-सालासारखं बी सुकवून, गोठवून बीजपेढीत वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. ओल गेली की जीव जातो. अशा जातींची पेढी म्हणजे उभं जंगल, दुसरी नाही.

सालईचा प्रकार आणखी वेगळा. तिची जाड फांदी पावसाआधी जमिनीत रोवली तर मूळ धरते, त्यामुळे रोपवाटिकेच्या खटपटीपेक्षा लोक फांद्या लावतात. पण एकाच सालईच्या शंभर फांद्या लावल्या तर ते शंभर झाडांचं रान दिसतं, आणि वंशाने ते एकच झाड असतं. सालई स्वतःच्या परागाला स्वीकारत नाही. त्या रानात फुलं येतील, धूपही मिळेल, बी मात्र धरणार नाही. फांद्या लावायच्याच असतील तर निदान तीस वेगवेगळ्या झाडांच्या आणून आलटून-पालटून लावाव्यात.

सुबाभळीचं काय झालं

विविधता नसली तर काय होतं याचं उदाहरण दूर शोधायला नको. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. चारा, सरपण, नत्र धरणारं झाड म्हणून ती आशियाभर लावली गेली. ती स्वतःच्याच परागाने बी धरते, आणि इकडे जे बी आलं ते फारच थोड्या मूळ झाडांचं होतं. त्यामुळे अख्खे डोंगर जवळजवळ एकाच वंशाचे झाले. १९८५-८६ मध्ये कोवळ्या शेंड्यातला रस शोषणारी एक बारीक उडी मारणारी कीड आग्नेय आशियात पोचली आणि १९८८ मध्ये भारतात आली. एका झाडाला लागली ती सगळ्यांना लागली, कारण अडवणारं वेगळं झाडच मधे नव्हतं. त्या किडीला तोंड देणारी सुबाभळीची भावंडं जगात होती, पण ती मेक्सिकोच्या रानांत होती. तिथून ती मिळवून संकर करायला वर्षं गेली.

नीलगिरीच्या झाडाचंही तेच झालं. कर्नाटकातल्या नंदी टेकड्यांवरच्या मोजक्या झाडांपासून पसरलेलं बी दशकानुदशकं देशभर लावलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रानांचं बी आणून शेजारी-शेजारी लावून बघितलं तेव्हा त्यातलं बरंचसं इथल्या जुन्या बियांपेक्षा सरस वाढलं. दोन देशांनी बी आणि माहिती वाटून घेतली म्हणून हे कळलं. एरवी आपण 'इथे नीलगिरी एवढीच वाढते' असंच मानत राहिलो असतो.

झाडाला सीमा ठाऊक नसते

इंदूरहून खंडव्याच्या वाटेला लागलात की सिमरोळनंतर घाट उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. खाली नर्मदेकाठी बडवाहला पोचेपर्यंत साडेतीनशे मीटरहून अधिक उतार झालेला असतो. अंतर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर, पण खाली उन्हाळा जास्त तापतो, माती वेगळी, पानगळीची वेळही वेगळी. उंचीत ३०० मीटरचा फरक पडला की बी दुसऱ्या क्षेत्राचं समजावं, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे घाटाखालचं बी वर आणताना विचार करायला हवा.

उलट अंजन बघा. खंडवा-बऱ्हाणपूरकडे, उथळ खडकाळ जमिनीवर, जिथे दुसरं काही धड उभं राहत नाही तिथे अंजनाची रानं आहेत. सातपुडा ओलांडला की पलीकडे खानदेशात तीच माती, तोच पाऊस, तोच अंजन. कागदावर मधे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राची सीमा आहे. झाडाच्या दृष्टीने ते एकच घर आहे. अंजनाला भरघोस बी दरवर्षी येत नाही, तीन ते पाच वर्षांनी एकदा येतं. इकडे बी नसलेल्या वर्षी तिकडे असू शकतं. बऱ्हाणपूरच्या रोपवाटिकेला जळगावकडचं अंजनाचं बी सिवनीच्या बियांपेक्षा जास्त जवळचं, पण राज्यांच्या हिशेबात ते 'बाहेरचं' ठरतं. बीज-क्षेत्राचा नकाशा माती, पाऊस आणि उंचीवर आखायला हवा. जिल्हा आणि राज्य त्यावर नंतर लिहिता येतात.

बी पूर्वापार फिरत आलेलं आहेच. मांडूला गेलेल्या प्रत्येकाने ती बुटकी, फुगीर खोडाची झाडं बघितली आहेत आणि 'मांडूची इमली' म्हणून त्यांची आंबट फळं चाखली आहेत. तो गोरखचिंच, मूळचा आफ्रिकेचा. जनुकीय अभ्यासांनी भारतातल्या या झाडांचं आफ्रिकेतल्या झाडांशी नातं दाखवलं आहे, आणि ती एकाहून अधिक वेळा आणली गेली असावीत असंही. पण कोणत्या किनाऱ्यावरून, किती फळं, कोणी आणली, याचा कागद नाही. आज मांडूतल्या झाडांपासून नवी रोपं करायची म्हटलं तर ती आपसांत किती जवळची आहेत हे शोधायला प्रयोगशाळा लागते. एक चिठ्ठी असती तर लागली नसती.

देशांनी मिळून काय केलं

सागावर १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या पुढाकाराने एक मोठा प्रयोग उभा राहिला. वेगवेगळ्या देशांतल्या रानांतलं बी, ठिकाणाच्या नोंदीसह, अनेक देशांत एकाच आराखड्याने लावलं गेलं. वाढ, खोडाचा सरळपणा, फुलण्याचं वय यांत रानागणिक किती फरक पडतो ते त्यातून आकड्यांत कळलं. आराखडा एकच होता, म्हणून थायलंडचे आकडे आणि भारताचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता आले. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लावलं असतं तर नुसत्या हकिकती उरल्या असत्या.

कडुनिंबासाठी १९९० च्या दशकात जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या समन्वयाने आशिया-आफ्रिकेतल्या देशांचं जाळं तयार झालं. तिथे अडचण त्या आठवड्यांच्या हिशेबाची होती. निंबोळ्या पिकायची वेळ देशागणिक वेगळी. गर ताबडतोब काढायचा, बी सावलीत वाळवायचं, आणि निकामी व्हायच्या आत दुसऱ्या देशात पोचवून पेरायचं. कस्टमच्या गोदामात पार्सल पंधरा दिवस अडकलं की प्रयोगातला एक देश गेला. त्यामुळे तारखा, परवाने, विमान, वाफे हे सगळं निंबोळी पिकण्याआधी ठरवावं लागतं.

आशिया-प्रशांत प्रदेशासाठी २००३ पासून 'ॲपफोर्जेन' नावाचा, वनांतल्या झाडांची जनुकीय विविधता जपण्यासाठीचा कार्यक्रम आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, चीन असे देश त्यात आहेत. कोणत्या जातींवर आधी काम करायचं ते ठरवणं, माणसं शिकवणं, माहिती एका साच्यात आणणं ही त्याची कामं. युरोपात असंच जाळं १९९४ पासून चालतं आणि त्यांनी एक गोष्ट फार व्यवहारी केली: राखीव वंश-रान कशाला म्हणायचं याचे आकडेच ठरवून टाकले. सर्वत्र आढळणाऱ्या, रानंच्या रानं करणाऱ्या जातीसाठी बी धरणारी किमान ५०० झाडं. विखुरलेल्या किंवा टोकाच्या परिस्थितीतल्या रानासाठी ५०. अतिदुर्मीळ जातीच्या उरलेल्या तुकड्यासाठी १५. असा आकडा असला की देश कोणताही असो, 'आम्ही राखलं' याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो. आपल्या राज्यांनीही सालई, बिबला, शिवण, कांडोळ यांच्यासाठी असे आकडे मिळून ठरवले तर निम्मा वाद संपेल.

काम किती बाकी आहे हेही बघा. जगात झाडांच्या सुमारे ६० हजार जाती आहेत. अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये पहिला जागतिक अहवाल काढला तेव्हा देशांनी मिळून सुमारे ८,००० जातींची माहिती दिली होती. त्यांतल्या सुमारे २,४०० जातींची प्रत्यक्ष निगा राखली जात होती आणि सुधारणेच्या कार्यक्रमांत जेमतेम ७०० होत्या. आपल्याकडे जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, जोधपूरची शुष्क वन संशोधन संस्था आणि कोइमतूरची वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्था हे काम करतात. शेजारच्या जिल्ह्यातली साधी रोपवाटिकाही तिथे विचारणा करू शकते, आणि करावी.

बी द्यायचं, पण कशाच्या भरवशावर?

देश बी द्यायला का कचरतात? पूर्वी बी गेलं, दुसऱ्याने त्यातून औषध किंवा वाण काढलं, आणि ज्यांच्या रानातलं ते होतं त्यांना काहीच मिळालं नाही, असं झालेलं आहे. म्हणून १९९२ च्या जैवविविधता कराराने जनुकीय संपत्तीवर त्या-त्या देशाचा हक्क मान्य केला. २०१० मध्ये नागोया करार झाला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला: आधी परवानगी, मग लाभाची वाटणी. आपल्याकडे २००२ चा जैविक विविधता कायदा आहे, चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण आणि भोपाळला राज्य मंडळ आहे. ग्रामपंचायत ते महानगरपालिका, प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. परदेशातून बी आणायचं तर आयात परवाना आणि तिथल्या वनस्पती-आरोग्य अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. ही शेवटची अट जाचक वाटली तरी ती हवीच. सुबाभळीच्या किडीसारखं काहीतरी बियांसोबत किंवा रोपांच्या मातीसोबत येऊ शकतं. मातीसकट रोप मागवण्याऐवजी स्वच्छ केलेलं बी मागवावं.

नोंदवही हा या सगळ्यातला सर्वांत दुबळा धागा आहे. बऱ्याच नोंदवह्यांत 'मोह – आहे, सालई – आहे' एवढंच लिहिलेलं असतं. त्याने काहीच कळत नाही. किती झाडं, कुठल्या नाल्याच्या कडेला, त्यांतली फळणारी किती, खाली नवी रोपं दिसतात का, हे लिहिलं तर ती नोंदवही शेजारच्या राज्याच्या, उद्या शेजारच्या देशाच्याही उपयोगाची होते.

चारोळी

आपल्या घरात या विषयाची एक वस्तू रोज असते. श्रीखंडावर, बासुंदीत घालायची चारोळी इंदूरच्या सियागंज बाजारातून आणतो आपण. ती एखाद्या बागेतून आलेली नसते; बहुतेक चारोळी अजून रानातल्या झाडांवरूनच येते. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. पिकलं की ते काळपट जांभळं होतं. पण ते तेवढं होऊ दिलं जात नाही. आपण थांबलो तर पलीकडच्या पाड्यावरचे लोक तोडून नेतील, ही भीती. म्हणून हिरवं असतानाच फांद्या ओरबाडल्या जातात, कधी फांदीच तोडली जाते. कच्च्या फळातली गिरी बारीक आणि सुरकुतलेली निघते, भाव कमी मिळतो. झाडाला पुढच्या वर्षी फळायला फांदी उरत नाही. आणि खाली एकही पिकलं फळ पडत नाही, त्यामुळे नवं रोप उगवत नाही. अशा रानात म्हातारी झाडं दिसतात, मधल्या वयाची दिसत नाहीत. चांगलं फळणारं झाड आधी ओरबाडलं जातं, म्हणजे सर्वांत चांगली आई सर्वांत आधी निपुत्रिक होते.

यावर उपाय संशोधन संस्थेत नाही, दोन गावांच्या बैठकीत आहे. तोडणीची एक तारीख, दोन्ही गावांनी मिळून ठरवलेली आणि पाळलेली. फांदी न तोडता आकडीच्या काठीने फळं उतरवायची. प्रत्येक शेंड्यावर थोडी फळं सोडायची. तीस-चाळीस झाडांना पट्टा बांधून ती बियांसाठी राखायची, एकमेकांपासून लांबची, आणि त्यांची पिकलेली फळंच बी म्हणून घ्यायची. चारोळीचं कवच टणक असतं. गर धुऊन, बी सावलीत वाळवून, कवचाला हलकी चीर पाडून त्याच हंगामात पेरावं. कवच फोडताना आतल्या गिरीला धक्का लागला की बुरशी लागते. वर्षभर ठेवून पेरलेलं बी बहुतेक उगवत नाही.

अशी तारीख बडवानी आणि नंदुरबारच्या लगतच्या पाड्यांनी मिळून पाळायची असेल तर दोन वनविभागांना, दोन राज्यांना एका टेबलावर बसावं लागतं, आणि तेही फेब्रुवारीच्या आत, कारण मार्चअखेर फळं धरलेली असतात. त्या बैठकीत नेण्यासारखा कागद एकच: कुठल्या टेकडीवर फळणारी किती झाडं आहेत त्याची शिसपेन्सिलीने लिहिलेली यादी.